पडद्यावरची गप्प आजी

खालापूर तालुक्यातल्या ज्या आदिवासी वाडीवर मी शिकवते, तिथे दिवाळी झाली की माझी शाळा निम्म्याहून अधिक रिकामी होते. वाडीतली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. टेंपो येतो, त्यात गोधड्या, टोपं, कोंबड्या, पोरं, सगळं चढतं आणि टेंपो पेणकडे नाहीतर भिवंडीकडे निघून जातो. माणसं परत येतात ती थेट मे संपता संपता. मधले सहा-सात महिने वाडीवर चार-पाच म्हातारी माणसं आणि माझ्याकडची उरलेली पाच पोरं.

या म्हाताऱ्या माणसांवर एक कादंबरी आहे, हे मला आमच्या विहारातल्या कपाटामुळे कळलं. शिळफाट्याला आमच्या आळीत जो विहार आहे, त्यात देणगी आलेल्या पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यात ती सापडली. भट्टीवर गेलेल्या वाडीत मागे राहिलेली एक आजी, एवढीच गोष्ट. दीडशे पानांत ती जेमतेम दीड पान बोलते. चूल पेटवते, पाणी आणते, दाराशी बसते. मी ती कादंबरी तीनदा वाचली. मी रोज जे बघत होते आणि ज्याबद्दल घरी नवऱ्यालाही नीट सांगू शकत नव्हते, ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

म्हणून त्या कादंबरीवर सिनेमा होतोय आणि आजीची भाषा तपासायला माणूस हवाय, असा केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. आधी हो म्हटलं, मग काम विचारलं.

तालमी कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर होत्या. दिग्दर्शक पस्तिशीचा, बोलायला गोड, सारखी दाढी कुरवाळणारा. आजीचं काम करणारी नटी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तिला मेकअप करून सत्तरीची करणार होते. पहिल्याच दिवशी तिने मला "ताई, मला अहो-जाहो नको" असं सांगितलं आणि वही उघडून बसली. हाय, नाय, आमी, तुमी, कदी, मंग. सगळं लिहून घ्यायची आणि चहाच्या वेळी घोकायची. मुलगी कष्टाळू होती, हे मला आजही मान्य आहे.

पटकथा हातात आली आणि माझं डोकं फिरलं. कादंबरीतली दीड पानं बोलणारी आजी इथे पानंच्या पानं बोलत होती, पण तोंडाने नाही, मनात. दर दोन प्रसंगांनंतर मागून तिचा आवाज येणार होता. "माझ्या अंगणात आता फक्त शांतता नांदते," असलं काहीतरी.

"सर, ही आजी असं बोलणार नाही," मी म्हटलं.

"बोलत नाहीये ताई, विचार करतेय."

"विचारसुद्धा असा करणार नाही."

तो हसला. "प्रेक्षकाला कळायला नको का, तिला काय होतंय ते?"

"कादंबरी वाचून मला कळलं की."

"तुम्ही शिक्षिका आहात, ताई."

यावरची सगळी उत्तरं मला घरी येताना सुचली. त्या पूर्ण कामात माझं हेच होत राहिलं.

मग मीच नटीला म्हटलं, चल, तुला खरी आजी दाखवते. वाडीच्या शेवटच्या घरात एक आजी होती. मुलगा-सून-नातवंडं भट्टीवर, ही मागे. माझी खात्री होती की हिला तासभर पाहिलं तर त्या मागच्या आवाजाची गरजच कुणाला वाटणार नाही.

जानेवारीतला रविवार होता. स्कुटी पायथ्याशी लावून आम्ही चढलो. आजीने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि आम्ही पोचायच्या आधीच ती बोलायला लागली.

"आलीस व्हय बाई? आज तर शाला नाय. ही कोन? तुजी भाची? बस गं पोरी. ती चटई नको, वली हाय. ही घे."

आजी सगळ्यांनाच तू म्हणते. त्यांची आपापसातली बोली वेगळी आहे, पण आमच्याशी ती खालच्या गावासारखं बोलते. आणि त्या दिवशी ती जे बोलली त्याला अंत नव्हता. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उमटत नाही. "मशीन म्हनतं तू तू नाय. मंग मी कोन, त्ये तरी सांग म्हनलं." सुनेचा गुडघा. कुणाची तरी कोंबडी कुणीतरी नेली, ती नेली नाही, ती रानमांजराने नेली. एसटीचा एक कंडक्टर जो तिला चढताना हात द्यायचा आणि आता दिसत नाही. एक संपलं की दुसरं. आम्ही जरा हललो की तिसरं. बोलता बोलता तिने नटीच्या ओढणीचं टोक हातात घेतलं होतं आणि ते बोटांत गुंडाळत, सोडत बसली होती.

तीन तासांनी आम्ही उठलो.

"येते हं आजी मी परत," नटी म्हणाली. "शूटिंग झालं की दोन दिवस राहायलाच येते."

"कदी?"

"पंधरा-वीस दिवसांत."

"नक्की ये गं. वाल ठेवते तुला."

उतरताना अर्ध्या वाटेवर नटी म्हणाली, "ताई, पण या तर खूप आनंदी आहेत."

मला त्या उतारावर बसून घ्यावंसं वाटलं. "अगं, तीन तासांत ती आपल्याला किती वेळा बस म्हणाली?"

"प्रेमळ आहेत ना."

तिने फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने दहा मिनिटं ऐकलं, मजेत हसला, मग कानातला इअरफोन काढून ठेवला. "छान आहे. पण हे गॉसिप झालं. यात वेदना कुठाय?"

"हीच आहे, सर."

"म्हणजे?"

मी समजावून सांगायला लागले. की सात महिने ज्याला बोलायला कुणी नाही, तो कुणी भेटलं की असाच सुटतो. की गप्प बसणं हे कादंबरीत ठीक आहे, कारण तिथे कुणी भेटायलाच येत नाही. हे बोलताना माझ्याच लक्षात आलं की मी कादंबरीविरुद्धही बोलतेय आणि पटकथेविरुद्धही, आणि माझं नक्की म्हणणं काय आहे ते मलाच धड मांडता येत नाही. वीस वर्षं पोरांना शिकवतेय. एका मोठ्या माणसाला साधी एक गोष्ट शिकवता आली नाही. तो मान हलवत होता आणि त्याचं लक्ष फोनवर होतं.

शूटिंग आमच्या वाडीवर झालंच नाही. वाडी त्यांनी बघितली आणि नाकारली, कारण तिथून खाली एक्सप्रेसवे दिसतो. ठाकुरवाडीच्या बाजूला एका उतारावर त्यांनी चार खोट्या झोपड्या उभारल्या. तिथून रस्ता दिसत नव्हता, पण घाट चढणाऱ्या गाड्या ऐकू येत होत्या. आजी दाराशी एकटी बसलीय, असा प्रसंग. समोर शंभर माणसं, दोन जनरेटर, छत्र्या, खुर्च्या. सगळे श्वास रोखून उभे आणि नेमकी गाडी यायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी एका वाक्यावरून माझं आणि दिग्दर्शकाचं वाजलं. वाडीवर आलेला फॉरेस्टचा माणूस आजीला विचारतो, कशी आहेस. तिने म्हणायचं होतं, "लई एकटं वाटतं रं."

"असं म्हणत नाहीत," मी म्हटलं. "करमत नाय, असं म्हणतात. करमत नाय रं."

"करमत नाही म्हणजे कंटाळा आलाय. वेळ जात नाही."

"नाही सर. नव्या नवरीला सासरी करमत नाही. विकलेली म्हैस नव्या गोठ्यात चारा खात नाही, तेव्हा तिला करमत नाही म्हणतात. घरातलं माणूस गेल्यावर करमत नाही. आमच्याकडे याच्याहून मोठा शब्द नाही."

"पुण्या-मुंबईच्या माणसाला कंटाळाच वाटणार."

"मग त्याला वाटू दे."

हे मी जरा जोरात बोलले. आसपासची माणसं बघायला लागली. नटी मध्ये पडली, म्हणाली, "दोन्ही करून बघू ना." तिने दोन्ही केलं. "करमत नाय रं" तिने असं म्हटलं की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, चहा वाटणाऱ्या बाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

शूटिंग संपलं. सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. नटीने मिठी मारली आणि म्हणाली, "आजींना सांगा, येतेय."

ती आली नाही.

वीस दिवस झाले, महिना झाला. मी सकाळी शाळा उघडायला पोचले की आजी शाळेच्या ओट्यावर बसलेली असायची.

"ती पोरगी कदी यायची गं?"

"येईल. कामात आहे."

मी नटीला मेसेज केला. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि "नक्की ताई, डेट्स बघते" असं लिहिलं. दुसऱ्या मेसेजला दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. फोन केला तर तिचं काम बघणाऱ्या कुणीतरी उचलला आणि माझं काय काम आहे ते मेल करायला सांगितलं. काय लिहिणार होते मेलमध्ये? एका आजीने फडक्यात वाल बांधून ठेवलेत म्हणून?

मार्चमध्ये आजीने पुन्हा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "ती आजारी आहे गं."

"काय झालं?"

"ताप."

एका तापावर भागलं नाही. पुढच्या वेळी मला तो ताप वाढवावा लागला, मग दवाखाना आणावा लागला. आजी मला झाडपाल्याचे उपाय सांगायची, ते मी वहीत लिहून घ्यायचं नाटक करायचे. खोटं बोलू नये असं फळ्यावर लिहिणारी बाई मी. रोज चढताना ठरवायचे की आज सांगून टाकायचं, त्या मुलीला वेळ नाही, ती येणार नाही. वर पोचले की आजीचा चेहरा बघून दुसरंच काहीतरी बोलायचे. मला त्या नटीचा राग यायचा, आणि त्याहून जास्त माझा. तिला वर घेऊन कोण आलं होतं? मीच.

मे संपता संपता भट्टीवरची माणसं परतली, वाडी भरली. वाटलं, आता आजी विसरेल. ती विसरली नाही. नातवंडांना सांगायची, मुंबईची एक पोरगी राहायला येनार हाय. वालांना एव्हाना भुंगा लागला होता. सुनेने ते फेकले म्हणून दोघींचं भांडण झालं, तेही मी ऐकलं.

सप्टेंबरात सिनेमाची झलक फोनवर आली. मी उत्साहाने, हो, उत्साहानेच, शाळा सुटल्यावर आजीच्या घरी गेले. वाटलं, निदान हे तरी दाखवू. आजी, सून, दोन शेजारणी माझ्याभोवती जमल्या. उन्हात पडदा दिसेना म्हणून सुनेने माझ्या डोक्यावरून पदर धरला.

झोपडी दिसली. मग नटी दिसली. पांढरे केस, गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, हात थरथरतायत. मेकअप खरोखर उत्तम होता.

"ही कोन?" आजीने विचारलं.

"अगं, तीच. आपल्याकडे आली होती ती."

आजीने फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचा हात कपाळावर गेला.

"एवडी आजारी व्हती? आन मला तू नुसता ताप म्हनालीस?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"पार म्हातारी झाली गं पोर," आजी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हनून आली नाय. मी हितं तिला शिव्या देत व्हते."

शेजारणी हळहळल्या. सून तेवढी माझ्याकडे बघत होती. ती शहाणी आहे, तिला रंग लावलेला कळत होता. मला गप्प बसून निभावता आलं असतं. पण त्या म्हाताऱ्या बाईला एका ठणठणीत मुलीसाठी रडताना बघवेना.

"आजी, ती आजारी नाही. तो रंग आहे. सिनेमासाठी लावलाय."

"मंग ताप?"

"ताप नव्हताच. मी खोटं बोलले. तिला यायला वेळ नाही."

आजीने फोन मला परत दिला. उठून आत गेली आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. मी दाराशी उभी राहून काहीबाही बोलले. तिने वर बघितलं नाही. सून शेवटी म्हणाली, "बाई, तुमी जा आता."

त्यानंतर आजी शाळेच्या ओट्यावर आली नाही. वाटेत दिसली तर "बरी हाय" एवढंच.

दिवाळी झाली, टेंपो आला. मी शाळेच्या दारातून बघत होते. गोधड्या चढल्या, टोपं चढली, पोरं चढली आणि मग मुलाने आजीला दोन्ही हातांनी उचलून वर बसवलं. इतक्या वर्षांत ती कधी गेली नव्हती. वाटलं, हे माझ्यामुळे. आम्ही दोघी जाऊन तीन तास बसलो नसतो, तिला वाट बघायला लावली नसती, तर ती नेहमीसारखी राहिली असती.

सिनेमा त्याच महिन्यात लागला. कर्जतच्या थेटरात दुपारचा खेळ होता. नवऱ्याने साजगावच्या कारखान्यातून अर्धी रजा घेतली, शाळेतल्या दोन मैत्रिणी आल्या. "करमत नाय रं" नव्हतं. "लई एकटं वाटतं" पण नव्हतं. फॉरेस्टचा माणूस विचारतो, कशी आहेस, आणि आजी नुसती लांब बघते. मागून सारंगी. मग तो आवाज, अंगण, शांतता, सगळं शुद्ध मराठीत. मी शिकवलेलं एक "हाय" आणि तीन "नाय" मला मोजता आले.

एक गोष्ट मात्र खरी होती. फॉरेस्टचा माणूस निघायला उठतो तेव्हा आजी त्याच्या झोळीचा पट्टा बोटांत गुंडाळते, सोडते, गुंडाळते. पटकथेत हे नव्हतं. नटीने ते आमच्या आजीकडून उचललं होतं. मी समजत होते की तिला काहीच दिसलं नाही, आणि तिला हे दिसलं होतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. एवढं दिसलं होतं, तर एकदा यायला काय झालं होतं?

शेवटी नावं सुरू झाली. माणसं उठून चालली. नवरा उभा राहून माझं नाव शोधत होता. आलं, पण आडनाव चुकलेलं. "ही तूच ना?" त्याने विचारलं. मैत्रिणी म्हणाल्या, सिनेमा छान होता गं, तू का एवढी तणतणतेस?

पुढच्या रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, मला पेणला भट्टीवर ने. तो म्हणाला, "तुला झालंय काय?" पण नेलं.

भट्टी रस्त्यापासून आत होती. धूर, राख, विटांचे उंच थर, प्लास्टिकच्या कागदाची खोपटी. माझ्या तिसरीतली दोन पोरं कच्च्या विटा उलट्या करत होती. मला बघून हसली आणि कामाला लागली, जशी काही मी तिथलं काम तपासायला आलेली बाई. आजी एका खोपटीपुढे चुलीपाशी होती. कडेवर एक नातू, दुसऱ्याला ओरडत होती, तिसऱ्याचं नाक पुसत होती. खोकत होती. धुराने डोळे लाल.

"आलीस व्हय," ती म्हणाली. बस म्हणाली नाही.

मीच एका विटेवर बसले. "आजी, तू इथे माझ्यामुळे आलीस का?"

"तुज्यामुळं?" तिला खरंच कळेना. "तू माजी सून हाईस? सुनेचा गुडघा गेला, पोरं कोन बगनार? ती म्हनली चल, मी आले."

इतके दिवस जो अपराध मी उरावर वागवला, तोही माझा नव्हता. हलकं वाटायला हवं होतं. उलट तोंडावर दार लावल्यासारखं झालं.

"बरं वाटतं का इथे?"

"हितं मरायला वेळ नाय." ती पुन्हा खोकली. मग चूल फुंकत विचारलं, "झाला व्हय तो शिनेमा?"

"झाला. मी बघितला."

"त्यात म्हातारी काय बोलते?"

"फार नाही बोलत. गप्पच असते."

आजीने फुंकणी खाली ठेवली. "का गं? मुकी दावलीय?"

मी तिला समजावायला लागले. की तिथे कुणी नसतं, वाडी रिकामी असते, म्हणून ती. तेवढ्यात पलीकडून मुकादमाने हाक मारली, कडेवरचा नातू रडायला लागला, आणि सून लंगडत पाणी मागायला आली. आजी उठून गेली. माझं वाक्य अर्धंच राहिलं. नवरा रस्त्यावर गाडी चालू करून हॉर्न देत होता.